छंदाचं दुकान मांडल्यावर माणसात नेमकं काय बदलतं?

दसरा झाला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागतात. हाताने रंगवलेल्या पणत्या, मण्यांची तोरणं, रेझिनचे कोस्टर, वारली काढलेल्या किटल्या, सुलेखनातल्या दारावरच्या पाट्या. फोटोखाली बदाम पडतात, ‘किती सुंदर!’ पडतं आणि मग कुणीतरी विचारतं, ‘केवढ्याला?’ इथे फोटो टाकणारीचं टायपिंग बराच वेळ चालू राहतं. ४५० लिहायचे की ७००? ७०० लिहिले तर शेजारच्या काकू काय म्हणतील? शेवटी ४५० लिहून जातात आणि पाठोपाठ ‘तुमच्यासाठी ४००’ असंही जातं.

‘कलेचा छोटा व्यवसाय केला की व्यक्तिमत्त्व फुलतं’ हे तुम्ही एव्हाना शंभर रील्समध्ये ऐकलं असेल. आत्मविश्वास वाढतो, स्वतःची ओळख मिळते वगैरे. यात खोटं काही नाही, पण हे इतकं मोघम आहे की त्यातून हाती काही लागत नाही. आत्मविश्वास वाढतो म्हणजे कधी वाढतो? काय केल्याने वाढतो? या व्यवसायात पडलेल्या माणसाचा कस लागतो तो ब्रश हातात नसताना. किंमत सांगताना, ‘नाही’ म्हणताना, हिशेबाची वही उघडताना, आपलं काम दुसऱ्याच्या हातात देताना. चित्रकलेच्या क्लासमध्ये यातलं काहीच शिकवत नाहीत. त्यामुळे हात चांगला असलेली कितीतरी मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवाळीला गप्प होतात आणि घरचे म्हणतात, ‘हौस होती, भागली.’

त्यांची हौस भागलेली नसते. बहुतेकदा गणित चुकलेलं असतं.

आधी ७०० रुपयांची पाटी बघू

समजा, तुम्ही दारावरची लाकडी पाटी करता. १२ बाय ६ इंचाची, हाताने रंगवलेली. लाकूड १८० रुपये, प्रायमर, रंग आणि व्हार्निश मिळून ९०, खोका आणि बबल रॅप ६०, कुरिअर ११०. एकूण खर्च ४४० रुपये. तुम्ही ७०० रुपये घेतले. हातात राहिले २६०. ऐकायला बरं वाटतं.

आता घड्याळ लावा. अक्षरांची आखणी आणि रंगकाम ४ तास. ‘ताई, फॉन्ट जरा वेगळा करता येईल का’, ‘आडनाव आधी की नाव आधी’, ‘सासूबाईंना विचारून सांगते’ या सगळ्याचा मिळून १ तास. फोटो, पॅकिंग आणि कुरिअरवाल्याकडची चक्कर, आणखी १ तास. म्हणजे ६ तास. २६० भागिले ६, तासाला ४३ रुपये. दहा पाट्यांमागे एक जरी वाटेत तडकली आणि पुन्हा करून द्यावी लागली, तर त्या एका पाटीचे ४४० रुपये आणि पाचेक तास वाढतात. म्हणजे २,६०० रुपयांतले उरले २,१६० आणि तास झाले ६५. तासाला ३३ रुपये. यात ब्रशची झीज, विजेचं बिल आणि मोबाइलचा रिचार्ज धरलेलाच नाही.

आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील. पण कागदावर हे एकदा मांडून बघितलं की पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. कारण तोवर आपण मनात एकच प्रश्न विचारत असतो, ‘माझ्या चित्राला कुणी ७०० रुपये देईल का?’ गणित मांडल्यावर प्रश्न बदलतो, ‘माझ्या तासाला मी ३३ रुपये का लावले?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोकांच्या हातात असतं. दुसऱ्याचं आपल्या.

इथे मानसशास्त्रातली एक गंमत सांगायला हवी. २०१२ साली मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन ॲरिएली या संशोधकांनी ‘आयकिया इफेक्ट’ नावाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात साध्या नवशिक्या लोकांकडून कागदाच्या ओरिगामी वस्तू करून घेतल्या. करणाऱ्यांनी स्वतःच्या वेड्यावाकड्या वस्तूंना जवळपास तज्ज्ञांनी केलेल्या वस्तूंइतकीच किंमत लावली. त्याच वस्तू इतरांना दाखवल्या तर त्यांनी फारच कमी किंमत लावली. म्हणजे आपण स्वतः केलेली वस्तू आपल्याला असते त्याहून मौल्यवान वाटते.

मग सोसायटीच्या ग्रुपवर उलटं का घडतं? तिथे तर लोक स्वतःची किंमत पाडून सांगतात. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. वस्तूवर आपलं प्रेम असतं, पण तिच्यासाठी गेलेल्या वेळेला आपण ‘काम’ म्हणत नाही. ‘टीव्ही बघता बघता केलं’, ‘दुपारी मोकळीच असते’ ही वाक्यं तिथूनच येतात. ज्याला आपण काम म्हणत नाही, त्याचे पैसे मागताना ओशाळल्यासारखं होणारच.

वेळेचा हा वाद थेट कोर्टातही गेला आहे. जेम्स व्हिसलर या चित्रकाराच्या एका चित्राची किंमत होती २०० गिनी. समीक्षक जॉन रस्किन यांनी त्यावर जहरी टीका केली. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८७८ साली लंडनमध्ये खटला उभा राहिला. दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे मागता का, असं त्याला भर कोर्टात विचारलं गेलं. त्याने सांगितलं की हे पैसे दोन दिवसांचे नाहीत, आयुष्यभर कमावलेल्या ज्ञानाचे आहेत. हा किस्सा कलाकार मंडळी फार अभिमानाने सांगतात. पुढचा भाग मात्र सहसा गाळतात. व्हिसलर खटला जिंकला, पण भरपाई म्हणून त्याला एक फार्दिंग मिळाला, म्हणजे त्या वेळचं इंग्लंडचं सगळ्यात लहान नाणं. खटल्याच्या खर्चाने आधीची कर्जं आणखी जड झाली आणि पुढच्याच वर्षी त्याने दिवाळखोरी पत्करली. तत्त्व बरोबर असणं आणि खिसा शाबूत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘आपल्यातलीच आहेस, एवढे कशाला?’

आपल्याकडे ‘धंदा’ या शब्दाचाच आधी त्रास. नोकरीला मान, व्यवसाय म्हटलं तर ठीक, पण ‘धंदा करते’ म्हटलं की घरात कुणीतरी घसा खाकरतं. त्यातून पहिली गिऱ्हाईकं घरचीच असतात. मावशी, आत्या, नवऱ्याच्या ऑफिसमधले, शाळेच्या ग्रुपवरचे. त्यांना किंमत सांगणं हे परक्याला सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड.

यातून वाट काढणारे लोक साधारण एकच युक्ती करतात: भाव आपल्या तोंडातून काढून कागदावर नेतात. दरपत्रक करतात. पाटी एवढ्याची, मोठी एवढ्याची, निम्मे पैसे आगाऊ, दोन बदल मोफत, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. मग आत्याबाईंनी घासाघीस केली तरी ती तुमच्याशी होत नाही, त्या कागदाशी होते. आणि आत्याबाईंना खरंच भेट द्यायची असेल तर पूर्ण भेट द्या. बिल ७०० चं करा आणि खाली ‘सप्रेम भेट’ लिहा. अर्ध्या किमतीत दिलेली वस्तू धड भेट ठरत नाही आणि धड विक्रीही होत नाही. शिवाय ती दहा जणांना सांगतात, ‘अगं ती साडेतीनशेत करते.’

आगाऊ पैशांचं महत्त्व फक्त रोख हाताशी येण्यापुरतं नाही. ज्याने ३५० रुपये दिले आहेत तो नावाचं स्पेलिंग वेळेवर पाठवतो. ज्याने काहीच दिलेलं नाही तो लाकूड कापून झाल्यावर सांगतो, ‘आम्ही तयारच घेतली बाजारातून.’

आता यात वैयक्तिक वाढ कुठे आली? दहावेळा भाव सांगितला, त्यातल्या सहाजणांनी ‘बघते’ म्हणून विषय सोडला, तरी आभाळ कोसळलं नाही, हे अनुभवातून कळतं. भाव नाकारला गेला म्हणजे आपण नाकारले गेलो नाही, हे वाक्य पुस्तकात वाचून पटत नाही. साताठ नकार पचवल्यावर ते आपोआप अंगवळणी पडतं. पगारवाढीबद्दल साहेबांशी बोलताना किंवा घरमालकाशी भाडं ठरवताना हीच सवय कामाला येते.

‘नाही’ म्हणण्याचंही तसंच. राखीपौर्णिमेच्या चार दिवस आधी पन्नास राख्यांची ऑर्डर आली की हात शिवशिवतात. पण ती घेतली तर आधीच्या तीस जणांच्या राख्या उशिरा जातात, आणि रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या राखीचं कुणी काय करायचं?

पैसे आले की चित्र काढायची मजा जाते का?

हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर अभ्यास झालेले आहेत.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या संशोधकांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत एक प्रयोग केला. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता बक्षीस दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळात ही मुलं स्केचपेनकडे किती वळतात ते मोजलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. जे खेळ होतं ते बक्षिसापुरतं काम झालं होतं.

हा प्रयोग सांगून अनेकजण निकाल देऊन टाकतात की छंद विकू नये. पण मोठ्या, व्यावसायिक कलाकारांवरचा अभ्यास थोडं वेगळं सांगतो. टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात २३ व्यावसायिक कलाकारांकडून प्रत्येकी २० कलाकृती घेतल्या, १० कुणाच्या तरी मागणीवरून केलेल्या आणि १० स्वतःहून केलेल्या. कोणती कुठली हे परीक्षकांना सांगितलं नव्हतं. परीक्षकांच्या मते मागणीवरून केलेल्या कलाकृती कल्पकतेत कमी पडल्या, पण हाताच्या सफाईत दोन्ही सारख्याच होत्या. आणि यातला कळीचा भाग पुढे आहे. काम करताना ज्या कलाकारांना जास्त बंधन जाणवलं होतं, त्यांच्याच कामात ही घट ठळक होती.

म्हणजे दोष नुसत्या पैशाला देता येत नाही. ‘जरा निळं करा, आता जरा कमी निळं करा, कोपऱ्यात मोर बसवा, शेजारच्यांच्याकडे आहे तस्संच हवं’ ही जी नाडी आवळत जाते, तिने जास्त जीव जातो. ही नाडी ढिली ठेवणं बऱ्याच अंशी व्यवसाय चालवणाऱ्याच्या हातात असतं. दरपत्रकातला ‘दोन बदल मोफत’ हा नियम त्यासाठीही आहे. काही मंडळी ग्राहकाला विषय आणि माप ठरवू देतात, रंग स्वतःकडे ठेवतात. काहीजण आठवड्यातला एक दिवस विक्रीसाठी नसलेलं काम करतात, ज्याचा फोटोही टाकत नाहीत. हे लाड नव्हेत. पुढच्या वर्षी विकायला नवीन काय असेल, ते याच दिवसात तयार होतं.

विक्रीमुळे कला मोकळी झाल्याचं उदाहरण तर आपल्या घरात आहे. वारली चित्रं मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढली जात. तांदळाच्या पिठाने, लग्नाचा चौक, आणि तो काढणाऱ्या स्त्रिया. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, विकली जाऊ लागली, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा पुरुष कलाकार रोज चित्रं काढू लागला, लग्नसराई असो वा नसो. त्यांच्या कागदावर भातलावणी आली, मासेमारी आली, आसपासचं सगळं जगणं आलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. चौकाचं पावित्र्य यात थोडं हरवलं असं म्हणणारेही आहेत आणि ते म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. पण चित्रात काय काय मावू शकतं, याचा पैस वाढला हेही खरं.

जाता जाता: वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पुण्या-मुंबईत बसून किटलीवर त्रिकोणी माणसं काढून विकणाऱ्यांनी आपण कुणाची भाषा वापरतोय याचा विचार करावा, निदान ‘वारली शैलीवरून’ एवढं तरी लिहावं. आपण विकतो ती गोष्ट कुठून आली याचं भान येणं, हेही मोठं होणंच आहे.

पेणमध्ये डोळे कोण काढतं?

एकट्याने सगळं करणं ही छोट्या कला-व्यवसायाची सुरुवात असते आणि बऱ्याचदा तिथेच तो अडकतो. ‘माझ्यासारखं कुणाला जमणार नाही’ या वाक्यात अभिमान असतो, तितकीच भीतीही.

रायगड जिल्ह्यातल्या पेणकडे बघा. पेण आणि हमरापूर, जोहे या गावांच्या परिसरात गणपतीचे कारखाने आहेत. घरोघरी म्हणता येईल इतके. विक्रीचा हंगाम गणेश चतुर्थीच्या आधीचा, पण काम वर्षभर चालतं. साच्यातून मूर्ती काढणारे हात वेगळे, सांधे घासून ती नीट करणारे वेगळे, अंगाचा रंग देणारे वेगळे. डोळ्यांच्या आखणीला मात्र कसलेला हात लागतो, कारण डोळे चुकले की मूर्ती चुकली. कामाची ही वाटणी एका दिवसात ठरलेली नाही. पण तिच्यातून एक शहाणपण सरळ उचलता येतं: आपल्या कामातली ‘आखणी’ कोणती आणि ‘घासकाम’ कोणतं हे ओळखणं.

पाटी करणाऱ्यासाठी अक्षरं ही आखणी. लाकूड घासणं, प्रायमर मारणं, खोके भरणं, कुरिअरची पावती करणं हे दुसऱ्याला देता येतं. पण देताना जीव वरखाली होतो. पहिल्या चार खोक्यांना टेप वाकडी लागते. ती बघून हात आवरणं, ओरडण्याऐवजी कसं हवं ते दाखवणं, पुन्हा वाकडी लागली तर पुन्हा दाखवणं. घरात, शाळेत, ऑफिसात आपल्याला कुणीतरी काम सांगणारं असतं. आपण दुसऱ्याला पैसे देऊन काम सांगायची वेळ पहिल्यांदा अनेकांच्या आयुष्यात इथेच येते, आणि आपण कसे ‘साहेब’ आहोत ते कळतं. नेहमी आवडतंच असं नाही.

पेणचा आणखी एक धडा हंगामाचा. वर्षाची कमाई काही आठवड्यांत येते आणि ती बारा महिने पुरवायची असते. त्यात बाहेरचे नियम बदलतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हापासून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचं काय होणार, हा प्रश्न कोर्टकचेऱ्यांमधून फिरत राहिला. कारखानदाराला मात्र कच्चा माल महिनोन्‌महिने आधी भरायचा असतो. निकालाची वाट बघत बसता येत नाही. शाडू किती, पीओपी किती, हा अंदाज त्याने बांधायचा आणि त्याची जोखीमही त्यानेच घ्यायची. घरून राख्या आणि पणत्या विकणाऱ्यांची जोखीम याहून पुष्कळ लहान असते, पण जात तीच. जूनमध्ये दोऱ्याची रिळं किती भरायची, हे ऑगस्टमध्ये काय होईल हे माहीत नसताना ठरवायचं.

वही, जी कुणालाच आवडत नाही

राजा रविवर्मा यांच्या हाताबद्दल कुणाला शंका असायचं कारण नाही. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केली, पुढे ती लोणावळ्याजवळ मळवलीला हलवली. तिथून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभर घराघरांत पोहोचल्या. तरी प्रेस तोट्यात गेली, कर्ज वाढलं आणि अखेर ती फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावी लागली. चित्र लोकप्रिय असणं आणि व्यवसाय नफ्यात असणं यांचा थेट संबंध नसतो, हे यातून दिसतं.

आपल्या आकाराच्या व्यवसायाला वही म्हणजे खरोखर वही पुरते. तारीख, काय आलं, काय गेलं. पहिली पायरी एवढीच की कलेच्या पैशांसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि यूपीआय त्यालाच जोडा. घरखर्चात मिसळलेला पैसा कधीच सापडत नाही. भाजीच्या पैशांतून कॅनव्हास आणला आणि कॅनव्हासच्या पैशांतून सिलिंडर, की वर्षाअखेरीस नफा झाला की तोटा हे देवालाही सांगता यायचं नाही.

सरकारी बाजू भीती वाटते तितकी अवघड नाही. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खरी नव्हेत. जीएसटीसाठी महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. सुलेखनाचे किंवा रेझिनचे वर्गही घेत असाल तर ती सेवा धरली जाते आणि मर्यादा २० लाखांवर येते. परराज्यात माल पाठवणाऱ्यांना नियम कडक आहेत, हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना त्यात सवलत आहे. तुमची वस्तू त्यात बसते का, हे एकदा सीएला विचारून घ्या. प्राप्तिकरात लहान व्यावसायिकांना २ कोटींच्या उलाढालीपर्यंत अंदाजित नफ्याची पद्धत वापरता येते. त्यात डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरतात. नफा त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवायचा. कर्जासाठी मुद्रा योजनेचा ‘शिशु’ गट आहे, ५० हजारांपर्यंत. पीएम विश्वकर्मा योजना मात्र कुंभार, मूर्तिकार, खेळणी करणारे अशा १८ ठरावीक पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. घरून कॅनव्हास रंगवणारे त्यात सहसा बसत नाहीत.

कॉपीराइटची एक बाब मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते, आणि ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या, चित्रकाराच्या कलाकृतीला त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं संरक्षण आहे. पण एखाद्याने मोबदला देऊन तुमच्याकडून चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि तुमच्यात वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. तुम्ही नाही. चित्राचे कर्ते म्हणून तुमचं नाव सांगायचा हक्क शाबूत राहतो, पण त्या चित्राची छापील कार्डं करून विकायचा हक्क गेलेला असतो. कंपनीने दिवाळीसाठी एक चित्र करून घेतलं आणि पुढे ते दोन हजार डायऱ्यांवर छापलं, तर तक्रार करायला जागा उरत नाही. उपाय एका ओळीचा आहे. ऑर्डर पक्की करताना ईमेलवर लिहा, ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, ग्राहकाला मूळ चित्र एवढ्या-एवढ्या कामासाठी वापरता येईल’, आणि समोरच्याचं ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत ब्रश उचलू नका. मोठं काम असेल तर वकिलाकडून कागद करून घ्या.

ही ओळ लिहायला धीर लागतो. पहिल्यांदा लिहिताना वाटतं, समोरचा म्हणेल ‘हिला काय एवढं’. म्हणेलही एखादा.

आणि बंद करायचं ठरवलं तर?

प्रत्येकाने व्यवसाय करावाच, असं अजिबात नाही. गणित मांडून, दरपत्रक लावून, दोन हंगाम करून बघितल्यावर एखादीला वाटू शकतं की मला फक्त चित्रं काढायची आहेत, विकायची नाहीत. हा निर्णय वही बघून घेतलेला असेल तर उत्तमच. दमून, चिडून, दिवाळीच्या आदल्या रात्री घेतलेला असेल तर तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबा आणि मग पुन्हा वही उघडा.

बंद करायचंच ठरलं तर नवीन ऑर्डर घेणं आधी थांबवा. हातातली कामं पूर्ण करा, जी होणार नाहीत त्यांचे आगाऊ पैसे विचारायच्या आत परत पाठवा. उरलेलं लाकूड, रेझिन, साचे विकून टाका, याच ग्रुपवर घेणारे भेटतात. जीएसटी क्रमांक घेतला असेल तर तो रद्द करून घ्यावा लागतो, आपोआप होत नाही, आणि तोवर विवरणपत्रं भरावीच लागतात. उद्यम नोंदणीही संकेतस्थळावरून रद्द करता येते. वेगळं खातं शेवटचं येणं जमा होईपर्यंत चालू ठेवा. आणि जुन्या ग्राहकांची यादी फेकू नका. पुन्हा सुरू करणारे पुष्कळ असतात, आणि दुसऱ्या वेळी ते पहिला भाव ४०० सांगत नाहीत.